तांबड्या पिशवीतली वाटी

४ एप्रिल ९०, बुधवार

गोठ्याची जुनी भिंत पाडायला घेतली. नंदीच्या लग्नाचा मंडप तिथेच पडायचा ना. नात पहिली, लगीन सहा मेला, मुलगा एरंडोलचा, मास्तर आहे. तर गवंड्यानं पहार घातली आणि आतून ठण् आवाज आला. तो ओरडला, "माय, धन निंघनं, धन!" मी भाकरी थापत होते, पिठाच्या हातानंच धावले. सून मागून ओरडते, पाय घसरीन म्हणून. सहासष्ट वर्षांची बाई धनासाठी कशी पळते ते साऱ्या गल्लीनं पाहिलं.

धन नाही. कोनाडा होता, पुढून विटा लावून लिंपून टाकलेला. आत एक भांडं. काळंहिरवं, मातीनं भरलेलं, बूड गोल. खाली ठेवलं की लवंडतं. कान नाही, कडी नाही, झाकण नाही. हे कसलं भांडं?

भाकरी करपली.

६ एप्रिल

दोन दिवस घरात जत्रा. ज्याला काम नाही तो भांडं पाहायला येतो आणि चहा पिऊन जातो. पंडित म्हणतो तराजूचं पारडं असेल. मग साखळीची भोकं कुठं आहेत रे? माझा मुलगा हुशार, पण बोलून मोकळा होतो, पाहतो नंतर.

सुनेचा मामा आलेला, भुसावळला दारूगोळ्याच्या कारखान्यात होता. त्यानं लांबूनच पाहिलं. "बॉम्बनी टोपी शे! मांगे सरका बठ्ठा!" झाली पळापळ. मी ती टोपी उचलून डोक्यावर घातली आणि अंगणभर फिरले. पोरंटोरं हसून लोळली. मामा चहा अर्धा टाकून उठला.

साखर आली होती. साखर म्हणजे समोरच्या घरातली, माझ्यानंतर वर्षानं या गल्लीत नवरी होऊन आली. चोपन्न वर्षांचा शेजार. नाव साखर, जीभ मिरची. ती म्हणे, "भागा, हाई तं साधूनं भीक मांगानं भांडं शे. तुन्हा कामनं शे, ठेवी दे."

काय ते कळेपर्यंत देव्हाऱ्यात ठेवलं. हळदकुंकू वाहिलं. देव असला तर चूक नको, नसला तर देवांना शेजार.

९ एप्रिल

धुळ्याला गेलो होतो, बस्त्याला. नंदीला डाळिंबी रंग आवडला, मला आवडला तो तिला आजीबाईचा वाटला. तिथून कासाराकडे. पिशवीतून भांडं नेलं होतंच. त्यानं चिंचेनं घासलं, आणि काय सांगू, आतून लालबुंद तांबं निघालं! नव्या नवरीसारखं. काठावर फडक्याची एक चिंधी चिकटलेली होती, तांबडी. फेकत होता, मी घेतली. या पानात ठेवली आहे.

कासार म्हणाला, "बाई, बुडाला भोक आहे, बारीक. डाग देऊन टाकतो, पाणी थांबेल." मी देणारच होते, पण म्हणाला उद्या न्या. उद्या पुन्हा धुळं कोण करणार? तसंच आणलं.

बघा, सुईचं टोक जाईल एवढंच भोक. ते कोणी मुद्दाम पाडलं असेल?

११ एप्रिल

कळलं! कळलं! भटजी लग्नाची वेळ लिहून द्यायला आले होते, देव्हाऱ्याकडे पाहून उभेच राहिले. "आजी, हे घटिकापात्र आहे. पाण्यावर सोडायचं. भोकातून पाणी आत येतं, भरलं की बुडतं. बुडलं की एक घटका झाली, चोवीस मिनिटं. पूर्वी मुहूर्ताला घड्याळ हेच."

आणि मला एकदम आठवलं. अगं बाई, वाटी! आबांची वाटी!

आबा म्हणजे माझे सासरे. आमच्या गावाला पांझरा नदीच्या बंधाऱ्याचा पाट. उन्हाळ्यात पाणी आटलं की शेवटच्या दोन वावरांना ते वाटून घ्यावं लागे, एक वावर आमचं, एक साखरच्या घरचं. दहा वाट्या आमची पाळी, दहा वाट्या त्यांची. आबा बांधावर घंगाळ ठेवून बसत, वाटी बुडाली की एक खडा बाजूला. दहा खडे झाले की पाट फिरवायचा. आबांचा शब्द म्हणजे देवाचा शब्द, कोणी दुसरा माणूस बसवला नाही कधी. बायका बांधावर जात नसत. मी नवी नवरी, मी फक्त वाटीची पिशवी हातात द्यायची, ती शिवलेली, नाडी ओढलेली. आत काय, ते ओझरतं सुद्धा पाहिलं नाही.

पुढं गावात घड्याळं आली. आबांनी वाटी महादेवाला दिली, पिंडीवर शिंक्यात टांगली आहे, थेंब थेंब अभिषेकाला. गाभाऱ्यातल्या अंधारात नीट दिसत नाही, म्हणून कोणाला ओळखू आलं नाही. मग ही दुसरी कुठली? जोड असेल. मोठ्या घरात जिनसा जोडीनंच असतात.

साऱ्या गल्लीला सांगून आले. आमच्या घरानं पाटाचा न्याय केला म्हणून. पंडित म्हणे माय, आवाज जरा कमी. का म्हणून कमी?

१२ एप्रिल

साखरला सांगितलं, नंदीचा मुहूर्त वाटीवर लावायचा आणि घंगाळापाशी तू बसायचं. तिचं तोंड असं उजळलं. म्हणे, "माले बसाडशी? लोके म्हनतीन झोप्यानी बायको बठनी, आते मुहूर्त निंघी जाई!"

खूप हसलो. झोप्या म्हणजे तिचा नवरा, वेडूभाऊ. आता नाही. त्याच्या पाळीला पाणी कधी पुरायचंच नाही, अर्धं वावर कोरडं राही. आबा म्हणत, तुला डुलकी लागली, पाणी नाल्याला गेलं. तोही मान खाली घालून म्हणे, लागली असंल आबा.

साखरनं आज सांगितलं, मला माहीत नव्हतं. "पाळीले जाये तं मिरचीनं बोट लावे डोयाले. म्हने, आज मी जागाच ऱ्हासू. मंग काय? पानी वावरमा गयं नही, डोयामा उनं!" दोघी डोळे पुसून पुसून हसलो.

खरं लिहायचं तर झोप्या हे नाव माझं. आखाजीच्या सणाला अंगणातल्या निंबावर झोका, मी सोळा-सतरा वर्षांची, गाणी जुळवण्यात एक नंबर. झोक्यावरून म्हटलं,

वावर सुकस, पाट वाहस,
झोप्या सपनमा पानी पाहस.

गावानं उचललं. पन्नास वर्षं झाली, नाव काही उतरलं नाही. तिचा रघुनाथ एसटीत डायवर, त्यालाही झोप्याच म्हणतात. गाडीत बसताना लोक विचारतात, झोप्या, झोप झाली का रे? चांगला पोरगा, हसतो.

१५ एप्रिल, रविवार

नंदीनं आज वाटी तपासली. तिच्या मनगटावर घड्याळ, डी.एड.ला गेल्यापासून काढत नाही. घंगाळ भरलं, वाटी सोडली. आम्ही साऱ्या गोल बसलो. मजा वाटत होती. चोवीस मिनिटं झाली, वाटी तरंगतेच आहे. मी म्हटलं, हिला बुडायचं नाही, माझ्यावर गेली. एकतीस मिनिटं लागली.

नंदी म्हणाली भोकात घाण असेल. सुईनं साफ केलं. पुन्हा एकतीस. मग पुजाऱ्याला विचारून महादेवाची वाटी आणली. दोन्ही शेजारी ठेवल्या, बहिणी बहिणी दिसाव्या तशा. तीच उंची, तोच काठ. महादेवाची सोडली. चोवीसला बुडाली.

नंदी पेन्सिलीनं काहीतरी लिहीत बसली. मग म्हणाली, "मोठी माय, दहा वाट्यांना सत्तर मिनिटं जास्त होतात. आपल्या पाळीला कोणती वाटी असायची?"

मी म्हटलं, एकच तर होती, पांढऱ्या पिशवीतली, आणि ती तांब

१६ एप्रिल

काल पुढं लिहवलं नाही.

पिशव्या दोन होत्या, मीच विसरले होते. एक पांढरी, एक तांबडी. तांबडी मीच शिवलेली, माझ्या लग्नातल्या खणाचा तुकडा उरला होता त्याची. आबांनी सांगितलं होतं, "सून, आपली पाळी ऱ्हायनी तं तांबडी देजो. वेडूनी पाळी ऱ्हायनी तं पांढरी." मला वाटलं आपली पाळी म्हणून शुभ रंग. मला काय, लाल दिसलं की शुभ वाटे. मी किती आनंदानं देत असे. नाडीला गोंडा पण लावला होता.

चिंधी काढून पाहिली. खणाची वीण आहे. माझाच टाका.

सत्तर मिनिटं. दर पाळीला. किती उन्हाळे?

त्याला डुलकी लागतच नव्हती.

१७ एप्रिल

साखर आली, पापडाचं पीठ भिजवायचं का विचारायला. मी म्हटलं डोकं दुखतंय. गेली आणि थोड्या वेळानं सुंठीचा लेप घेऊन परत आली. स्वतः कपाळाला लावला.

सांगितलं नाही. आजपासून ज्या दिवशी सांगणार नाही त्या दिवशी पानाच्या कोपऱ्यात फुली मारायची, असं ठरवलं. दुसरी शिकलेली मी, मास्तर माझ्या वहीवर फुल्याच मारायचा. सवय आहे.

फुली.

१९ एप्रिल

पंडितला सांगितलं. आधी हसला. मग नंदीचा कागद पाहिला. मग बराच वेळ जोडे घातले, काढले, घातले.

"माय, लगीन होऊ दे. एरंडोलवाला काय म्हनतीन? ह्यास्ना आजा पानी चोरे? मेलेला माणसाले आते काय विचारसू?"

मी म्हटलं, मेलेल्याला नाही रे, जित्या बाईला सांगायचंय. तो म्हणे सहा मे नंतर काय ते कर. मला बरं वाटलं. तेच वाईट वाटतंय. कोणी थांबवलं की किती बरं वाटतं.

भांडं देव्हाऱ्यातून काढलं. कुठं ठेवावं कळेना. तांदळाच्या डब्यात.

फुली.

२२ एप्रिल

पापड झाले. साखर, मी, सून, गल्लीतल्या बाया. साखरचा हात अजून काय फिरतो! एका आकाराचे, चंद्रासारखे. मी मात्र लाटता लाटता फाडले. त्या म्हणाल्या आजीला नात जायचं दुःख. मी हो म्हटलं.

एकच विचार डोक्यात. वाटी टाकून का नाही दिली आबांनी? पांझरेत फेकली असती तर कोणाला सापडणार होती? भिंतीत कशाला? आणि भिंत लिंपली कोणी? लिंपण बाईमाणसाचं. गोठ्याच्या भिंती मीच लिंपायची. सासूबाई सांगायच्या, तो कोपरा नीट लिंप. मीच लिंपली असेन, गाणं म्हणत. आमच्या ह्यांना ठाऊक होतं का? जाऊन बारा वर्षं झाली त्यांना, कोणाला विचारू?

रघुनाथ संध्याकाळी आला. लग्नासाठी आठ दिवस रजा टाकली म्हणतो. "मोठी माय, पाहुणास्ना उतारा मन्हाकडे, तुम्ही नका देखा." मंडपवाला ओट्यावर होता, तो म्हणाला, "झोप्या भाऊकडे उतारा म्हणजे पाहुण्यांना चांगली झोप लागेल." रघुनाथ हसला. मी त्याच्या हसण्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. तोंडच हसतं फक्त.

फुली.

२५ एप्रिल

नंदी म्हणाली, "मोठी माय, तू इतकी गप्प कधीच नव्हतीस. सांगून टाक." मी म्हटलं तुझं लगीन बिघडेल. म्हणे, "एवढ्यानं बिघडायचं असेल तर बिघडू दे." आजकालच्या पोरी. आम्हाला असं बोलता आलं असतं तर

तिला खूप लाडू खाऊ घातले. फुली.

२७ एप्रिल, आखाजी (अक्षय्य तृतीया)

लेकी आल्या माहेरी, झोके बांधले. पुरणपोळी, आमरस. पण आज पितरांची घागर भरायची. नवी मातीची घागर, वर छोटं केळं म्हणजे लहान मडकं, त्यावर खरबूज, आंबा. सासऱ्याच्या नावानं पाणी भरायचं, तहान लागू नये म्हणून. आबा गेल्यापासून दर आखाजीला भरलं. उन्हाळ्याच्या ऐन तोंडावर त्या माणसाच्या नावानं पाणी.

हात पुढं जाईना. सून म्हणे, माय, हे विस्तवावर आगारीचा घास टाकायला थांबलेत, भरा ना. मी भरली. त्यांच्या नावानं भरली, बाप होता घराचा. भरताना म्हटलं, आबा, तुम्हाला पुरे पाणी आहे तिकडं, का तिथंही मोजून?

मग दुसरी घागर आणली, तीही भरली. सुनेनं विचारलं, ही कोणाची? मी म्हटलं आहे एक, त्याला पाणी कमी पडलं होतं. वेडूभाऊ, असं मनात म्हटलं. ती माझ्याकडे पाहत राहिली. तिला वाटलं म्हातारी गेली कामातून.

बाहेर झोक्यावर पोरी. एकीनं ते गाणं म्हटलं. माझं. सपनमा पानी पाहस. कोणी लिहिलं, का म्हटलं, त्यांना काहीच माहीत नाही, चाल चांगली म्हणून म्हणतात. समोर साखर ओट्यावर बसून वात वळत होती. वळतच राहिली.

फुली मारली ती इतकी जोरात की कागद फाटला.

३० एप्रिल

सांगितलं.

सकाळी वाटी पदराखाली घेऊन समोर गेले. रघुनाथ बाजारात गेला होता, साखर एकटी, गहू निवडत. मी म्हटलं, साखर, तुझ्या घरातलं घंगाळ आण. ती आणि मी, पाणी भरलं, वाटी सोडली. वाटी तरंगत होती तोवर सगळं सांगितलं. पिशव्या, खण, आबा, सत्तर मिनिटं. गाणं तिला माहीतच होतं, तरी सांगितलं की मी जुळवलं. मधे थांबले तर ती म्हणे, "बोल." एवढंच. डोळे वाटीवर.

वाटी बुडाली. बुडबुडा आला एक.

ती म्हणाली, "लई येळ लागना."

मी पाया पडायला वाकले, माझ्याहून लहान आहे ती वयानं, तरी वाकले. तिनं खांदा धरला, वर उठवलं नाही, खाली जाऊ पण दिलं नाही. तसाच धरून ठेवला. म्हणाली, "तो मरता मरता माले म्हने, साखर, मी लई झोपनू व. वावर मन्हामुळे गयं. माफ कर. आनि मी त्याले माफ करं, भागा. माफ करं मी त्याले!"



मी म्हटलं, मला काय शिक्षा द्यायची ती दे. तर म्हणाली, "माले कसाले सांगस? मी त्याना डोयामा फुकर मारेल शे, माले ठाऊक शे तो कसा व्हता. जठे गाणं म्हनी तठे सांग."

निंबाखाली. अंगणात. म्हणजे मंडपात.

वाटी तिनं ठेवून घेतली. चहा विचारला नाही. चोपन्न वर्षांत पहिल्यांदा.

१ मे

फुलीचं काय करावं? एकीला सांगितलं, गावाला नाही. अर्धी फुली मारली, एक रेघ.

पंडितला सांगितलं साखर काय म्हणाली ते. तो म्हणे तू सांगणार असशील तर मी मंडपातच येत नाही. मग थोड्या वेळानं आला, म्हणे, "माय, मी त्या वावरमा लहानपणपासून पानी भरस. मन्हा हातनं." त्याचं वाईट वाटलं. वावर त्याचं आवडतं.

एक रेघ.

४ मे

हळद उद्या. साखर आली नाही, तीन दिवस. रघुनाथ येतो, खुर्च्या मोजतो, पाण्याच्या टाक्या भरतो. त्याला तिनं सांगितलेलं नाही, कळतंच. मला विचारतो, "मायनं काय बिनसनं तुम्हनासंगे?" मी म्हटलं माझी चूक आहे. तो म्हणे, तुमची कसली चूक, ती म्हातारी तापट आहे.

एक रेघ.

६ मे, रविवार, सकाळ

नंदीच्या खोलीत बसून लिहिते. बाया तिला सजवताहेत. डाळिंबी रंग खरंच तिला शोभतो, मी खोटीच अडून बसले होते. वऱ्हाड आलं. एरंडोलचे लोक साधे आहेत, विहीणबाई माझ्यासारखीच बडबडी. दुसऱ्या कुठल्या दिवशी आमचं चांगलं जमलं असतं.

साखर आली. नवं लुगडं नेसून आली, कोणाशी बोलली नाही, सरळ घंगाळापाशी जाऊन बसली. भटजींनी महादेवाची वाटी दिली, चोवीसची. ती पाण्यावर सोडून बसली आहे, सरळ पाठ करून, पापणी हलत नाही. खिडकीतून दिसते. मांडीवर तिच्या पदराखाली गोल काहीतरी आहे. मला माहीत आहे काय ते.

भटजी म्हणाले ही वाटी बुडाली की अजून एक, मग अंतरपाट. म्हणजे वेळ आहे. पंडित दारात उभा आहे. मंडपात आला आहे. माझ्याकडे बघत नाही, पण दारही अडवत नाही.

आत्ताच माइकवर मंडपवाल्याचा आवाज आला, "झोप्या भाऊ, जठे व्हई तठून मंडपमा या! व्याही तुम्हनी वाट देखी ऱ्हायनात. उठा भाऊ, सकाय व्हयनी!" सगळा मंडप हसला. एरंडोलचे पण हसले, त्यांना आजच नाव कळलं.

साखरनं वाटीवरून नजर काढली. खिडकीकडे पाहिलं.

नंदी मुंडावळ्या बांधता बांधता म्हणाली, "मोठी माय, माइक चालू आहे."

काय बोलायचं ते पाठ केलेलं नाही. गाणं तरी कुठं पाठ केलं होतं, झोक्यावर बसले आणि आलं.

कोपऱ्यात जागा मोकळी सोडली आहे. पेन ठेवते. उठते.